माल भरला की मागचे दिवे गुल: जुन्या पिकअपच्या वायरिंगमधला पळपुटा शॉर्ट कसा पकडावा

रिकामी गाडी दिवसभर फिरवा, काही होत नाही. हौद्यात माल भरला, अंधार पडल्यावर दिवे लावले, की पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मागचे दिवे जातात. टेल लाइट, नंबर प्लेटचा दिवा, डॅशबोर्डचा उजेड, सगळं एकदम. फ्यूज बदलला की सगळं परत येतं आणि पुढच्या फेरीला पुन्हा जातं. माझ्या जुन्या पिकअपने हा खेळ जवळजवळ वर्षभर चालवला. तेवढ्यात टेल लाइटचे दोन्ही होल्डर बदलून झाले, दिव्यांचा स्विच बदलून झाला, एका वायरमनने मागची वायर कापून नवीन तुकडाही जोडून दिला. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी आठ-दहा दिवस शहाण्यासारखी वागायची आणि मग पुन्हा मूळपदावर.

दोष शेवटी सापडला तो वीतभर जागेत. तिथे आधी कोणीच पाहिलं नव्हतं, कारण दोष दिसत होता मागच्या दिव्यात आणि होता गाडीच्या पोटाखाली. ज्यांच्या गाडीचा एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय त्यांच्यासाठी मी तो कसा शोधला, कुठे वेळ घालवला आणि दुरुस्ती कशी केली ते सांगतो.

आधी वही, मग पक्कड

वायरिंगला हात लावण्यापूर्वी आठवडाभर नुसती नोंद करा. फ्यूज उडाला तेव्हा दिवे चालू होते की फक्त ब्रेक दाबला होता? गाडी भरलेली होती की रिकामी? पाऊस होता का? इंजिन नुकतंच सुरू केलं होतं की तासभर तापलेलं होतं? कंटाळवाणं काम आहे, पण अर्धं उत्तर इथेच मिळतं. फक्त रिव्हर्स टाकल्यावर उडत असेल तर गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचची वायर आधी बघायची. बऱ्याच गाड्यांत ती सायलेन्सरच्या पाइपाच्या आसपासच असते. पावसातच उडत असेल तर कपलर (वायरी जोडणारे प्लग), होल्डर आणि ट्रेलरचं सॉकेट असेल तर तेही उघडायचं. गाडी तापल्यावरच उडत असेल तर कुठेतरी वायर गरम लोखंडाला टेकून मऊ पडलेली असते. ब्रेक दाबला की उडत असेल तर पॅडलवरच्या स्विचपासून मागच्या बल्बापर्यंतची एकच वायर संशयित, बाकीच्यांना सोडून द्या.

माझ्या नोंदीत तीन वेळा एकच जोडी आली: हौदा भरलेला आणि खड्डा. तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं की दोष अशा जागी आहे जिथे वजन आलं की काहीतरी दबतं. मला कळलं नाही. मी होल्डर बदलत बसलो, कारण होल्डर हाताशी होता आणि त्यासाठी गाडीखाली जावं लागत नव्हतं.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. जुन्या गाडीत वायर सरळ, बांधलेल्या भागात सहसा बिघडत नाही. ती बिघडते एक हलणारी वस्तू संपून दुसरी सुरू होते तिथे. इंजिनावरून बॉडीवर येताना, दारातून केबिनमध्ये जाताना, केबिनच्या खालून चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, उतरताना आणि चासीवरून हौद्यात चढताना. पिकअपमध्ये हा शेवटचा सांधा महत्त्वाचा, कारण केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात आणि चालत्या गाडीत दोघं आपापल्या तालात हलत असतात. मागच्या खिडकीतून खडबडीत रस्त्यावर हौद्याकडे बघा, केबिन एकीकडे झुकते आणि हौदा दुसरीकडे. मधली वायर हे सगळं सोसत असते.

उडालेला फ्यूज फेकू नका

काचेचा फ्यूज असेल तर उजेडात धरून बघा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल आणि तारेचा पत्ताच नसेल तर थेट शॉर्ट, म्हणजे करंट दिव्यापर्यंत न जाता वाटेतच गाडीच्या लोखंडाला लागतोय. काच स्वच्छ आणि तार मध्येच वितळून तुटलेली असेल तर करंट मर्यादेपेक्षा थोडाच जास्त, पण बराच वेळ वाहत होता. पात्याच्या फ्यूजमध्येही खिडकीतून हे थोडंफार दिसतं. आणि फ्यूजची तार शाबूत, पण प्लॅस्टिक वितळलेलं असेल तर वायरिंगला दोष देऊ नका. फ्यूज बॉक्सची पकड सैल झालीय आणि सगळी धग तिथेच तयार होतेय.

माझ्या फ्यूजची काच दर वेळी काळी. म्हणजे शॉर्ट.

तरी एक मोह होतोच: दहाच्या जागी वीस अँपिअरचा घालून बघू. घालू नका, आणि का ते आकड्यात बघा. पार्किंगच्या सर्किटवर पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबर प्लेटचा एक असे ५ वॉटचे पाच बल्ब धरले तर २५ वॉट होतात. १२ ने भागलं की जेमतेम २.१ अँपिअर. डॅशबोर्डचे बारके बल्ब मिळवले तरी तिनाच्या आसपास. तिथे १० अँपिअरचा फ्यूज उडतोय याचा अर्थ लोड वाढलेला नाही, करंट भलत्याच वाटेने जातोय. ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीचा रोध साधारण ०.१२ ओहम भरतो. तिचं टोक थेट चासीला टेकलं तर हिशेबाने शंभर अँपिअर होतात, म्हणजे बाराशे वॉट. एका तापलेल्या इस्त्रीची धग, तीही केबिनच्या मॅटखालून गेलेल्या वायरीत. फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळून गाडी घरी आणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

फ्यूजच्या जागी बल्ब

शॉर्ट शोधायला दर वेळी फ्यूज जाळायची गरज नाही. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याला हातभर लांबीच्या दोन वायरी जोडा आणि त्यांची टोकं फ्यूजच्या दोन खाचांत बसवा. उडालेल्या फ्यूजची टोकं यासाठी कामाला येतात. आता सर्किटमध्ये फ्यूजऐवजी बल्ब आला. शॉर्ट झाला तरी या बल्बातून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जाईल, त्यामुळे वायर तापत नाही आणि तुम्ही तासभर निवांत शोधू शकता.

पण त्याआधी त्या सर्किटवरचे मागचे-पुढचे सगळे बल्ब काढून ठेवा. हे विसरलात तर गोंधळ होतो, कारण गाडीचे बल्ब लागलेले असताना चाचणीचा बल्बही त्यांच्याबरोबर मालिकेत पेटतो आणि शॉर्ट आहे की नाही ते कळत नाही. डॅशबोर्डचे बल्ब काढणं जिवावर येतं, ते राहू द्या. चाचणीचा बल्ब फार तर निखाऱ्यासारखा लालसर दिसेल. दिव्यांचा स्विच लावा. शॉर्ट नसेल तर बल्ब विझलेला किंवा लालसर, शॉर्ट आला की भक्कन पूर्ण उजेड.

शॉर्ट कायमचा असेल तर काम सोपं. वाटेतला एखादा कपलर सोडवा. बल्ब विझला तर दोष कपलरच्या पलीकडे, पेटलेलाच राहिला तर अलीकडे. मग उरलेल्या अर्ध्या भागातला पुढचा कपलर. दोन-तीन कपलरांत जागा हाताशी येते.

माझा शॉर्ट पळपुटा होता. गाडी उभी, बल्ब विझलेला, वायरिंग हलवून हलवून हात दुखले तरी काही नाही. मग नोंदवहीकडे बघितलं आणि वाळूच्या गोण्या हौद्यात चढवल्या. तरीही नाही. शेवटी दोन धडधाकट मुलांना हौद्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात उड्या मारायला सांगितलं. तिसऱ्या उडीला बल्ब लखकन पेटला आणि विझला. पुन्हा उडी, पुन्हा उजेड. उजव्या कोपऱ्यात उड्या मारल्या तर काही नाही. वर्षभरात पहिल्यांदा दोष माझ्या सांगण्यावरून हजर झाला. त्या दिवशी मी त्या मुलांना काय काय खाऊ घातलं ते विचारू नका. (उड्या चालू असताना गाडीखाली कोणीही नसावं. नंतर खाली जाताना चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नका.)

सापडलेली जागा

खाली शिरण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढली. मायनसच आधी, आणि लावताना मायनस शेवटी. मायनस काढताना पाना बॉडीला टेकला तर काही होत नाही. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांची आतषबाजी.

हौद्याच्या पुढच्या आडव्या पट्टीखाली, चासीच्या वरच्या कडेवर, वायरींचा जुडगा आडवा पडलेला होता. ज्या क्लिपमध्ये तो असायला हवा ती क्लिप चार बोटांवर, तोंड उघडं टाकून तशीच. चिखलाचा थर वाळून वाळून वायर आणि चासी एकाच रंगाच्या झाल्या होत्या, टॉर्च मारूनही सहज दिसलं नसतं. ब्रशने चिखल काढला, कुजलेली टेप सोडवली. टेल लाइटच्या वायरीचं आवरण नखाएवढ्या भागात चपटं झालेलं, मधोमध ब्लेडने चिरल्यासारखी बारीक फट, आणि फटीत तांब्याच्या जागी काळपट हिरवा चुरा. बरोबर त्याच जागी चासीचा रंग उडून मोहरीएवढा काळा ठिपका पडला होता. दर वेळी ठिणगी तिथेच पडत होती.

गाडी रिकामी असताना पट्टी आणि चासी यांच्यात बोटभर फट राहते. वजन आलं की हौद्याखालचे रबरी पॅड दबतात. ते नवे असताना थोडेच दबत असतील, माझे म्हातारे होऊन पापडासारखे पातळ झाले होते. फट कमी झाली, पट्टीची कड वायरीवर बसली आणि खड्ड्याने शेवटचा धक्का दिला.

तिथून दोन फुटांवर मागे तो जुना जोड सापडला. वायर सोलून, पिळून, वर टेप. टेपचा गोंद उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने पातळ होऊन काळा चिकटा झालेला, टेप हाताने ओढली तर सालासारखी निघाली. त्या वायरमनने चूक जागा दुरुस्त केली आणि पुढच्या दोषाचं बी पेरून ठेवलं.

किती कापायचं

नवशिक्याकडून आणि घाईतल्या कारागिराकडून सगळ्यात जास्त चूक इथे होते. आवरणाला फट पडली की पाणी आत शिरतं आणि तारांच्या मधल्या बारीक जागेतून दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पुढे सरकत राहतं. वरून आवरण अगदी नवं दिसतं आणि आत तांबं काळं पडलेलं असतं. अशा काळ्या तांब्यावर केलेला जोड पहिल्या दिवशी चालतो, कारण मल्टीमीटरला बारा व्होल्ट दाखवायला एक धड तारही पुरते. दिवा पेटवायला मात्र पुरत नाही.

म्हणून फटीपासून दोन्हीकडे थोडं थोडं कापत जा. कापलं की टोक सोला, तारा बोटात पसरवा आणि रंग बघा. काळ्या, करड्या, हिरव्या असतील तर अजून कापा. नव्या पैशासारखं लालसर चकचकीत तांबं लागलं की थांबा. माझ्या गाडीत मागच्या बाजूला वीतभर कापल्यावर चमक आली, पुढच्या बाजूला चार बोटांत. जुना जोड आणि हा कापलेला भाग मिळून मध्ये एवढं कमी उरलं की क्लिपपासून मागच्या कपलरपर्यंतची पूर्ण वायरच नवी टाकली. एका वायरीत तीन जोड ठेवण्यापेक्षा एक लांब तुकडा नेहमी बरा.

शेजारच्या वायरीही तपासा. एकाच पट्टीखाली दबलेल्या जुडग्यात एकटीच वायर दुखावली असेल असं क्वचितच होतं. माझ्या इंडिकेटरच्या वायरीवरही दाताने चावल्यासारखा वळ होता, तांबं अजून उघडं पडलं नव्हतं इतकंच.

तपासताना वायरीच्या आवरणात सुई टोचायची सवय असेल तर सोडा. त्या छिद्रातून पाणी जातं आणि सहा महिन्यांनी तिथेच नवा हिरवा चुरा मिळतो. कपलरच्या मागच्या बाजूने, पिनेला लागून, सुई घाला.

जोड

नवी वायर जुन्याइतकीच किंवा एक माप जाड घ्या, बारीक नको. बहुतारी तांब्याची हवी. घरातल्या फिटिंगची एकतारी वायर गाडीत कधीच नको, ती थरथरीने एका जागी वाकत वाकत तुटते. रंग जुळला तर उत्तम, पट्टीसकट जुळला तर त्याहून उत्तम. नाहीच जुळला तर दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा. दोन वर्षांनी गाडीखाली झोपलेला माणूस तुम्हीच असणार.

डाख द्यायचा की क्रिम्प करायचं (धातूची बाही चेपून वायरी जोडायच्या) यावर दोन वायरमन एकत्र आले की वाद होतोच. माझं मत सांगतो. चासीखाली क्रिम्प. डाख वितळून तारांमध्ये वर चढतो आणि जिथे तो संपतो तिथे वायर ताठ भागातून एकदम मऊ भागात जाते. थरथर तिथेच वायर मोडते. डॅशबोर्डमागे, जिथे जोड दोन्ही बाजूंनी बांधता येतो, तिथे डाख चांगला. पण ॲसिडचा फ्लक्स वापरू नका, तो राहिला की तांबं खातो. राळेचा वापरा. क्रिम्पला दात असलेली खरी क्रिम्पिंग पक्कड लागते. साध्या पकडीने चेपलेला जोड नुसता चपटा होतो, घट्ट होत नाही. लाल बाहीचा जोड ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरसाठी, निळा १.५ ते २.५ साठी, पिवळा ४ ते ६ साठी. चेपून झाल्यावर दोन्ही बाजूंनी जोर लावून ओढून बघा. निघायचा असेल तर आत्ताच निघू दे.

वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी. ती जोडाच्या आधी वायरीत ओवायची असते, हे मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, आणि तरी दर तिसऱ्या जोडाला चेपून झाल्यावर स्लीव्ह मांडीवरच सापडते. मग कापा आणि पुन्हा करा. लांबीने फाडून टेपने गुंडाळू नका. तापवताना टोकांतून गोंदाचं बारीक कडं बाहेर आलं पाहिजे. आलं नसेल तर पाणी जाईल.

एकापेक्षा जास्त वायरी जोडायच्या असतील तर जोड शेजारी शेजारी नकोत. चार-पाच सेंटिमीटरचं अंतर ठेवून मागे-पुढे घ्या, नाहीतर जुडग्याला गाठ येते आणि तीच पुढे कुठेतरी घासते. वायर न सोलता वरून दाबून बसणारी प्लॅस्टिकची टॅप मिळते, जोडायला एक मिनिटही लागत नाही. चासीखाली ती लावू नका. तिची पाती वायरीच्या तारा कापते आणि पाण्याला दार उघडून देते.

वायर आता कुठून जाणार

एवढं सुंदर जोडकाम करून जुडगा पुन्हा त्याच कडेवर ठेवला असता तर पुढच्या वर्षी हेच पुन्हा लिहावं लागलं असतं. आधीच्या प्रत्येक दुरुस्तीत हेच राहिलं होतं: तुटलेलं जोडलं, पण वायर का दबते ते कोणी विचारलं नाही. मी आधी रबरी पॅड बदलले. मग जुडगा चासीच्या वरच्या कडेवरून काढून आतल्या बाजूला घेतला, फाट असलेल्या खाचांच्या नळीत घातला, फाट खालच्या बाजूला ठेवली म्हणजे आत आलेलं पाणी निघून जातं. दर फुटभराने रबर लावलेली पट्टीची क्लिप. चासीवरून हौद्यात चढताना दोन्हीकडे पक्कं बांधून मध्ये सैल वळण सोडलं, कारण हालचाल तिथे होणारच आहे, ती वळणाने सोसायची आहे. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाची कड झाकणारं कडं. ग्रोमेट मिळाला नाही तर पाण्याच्या जुन्या नळीचा तुकडा चिरून पत्र्याच्या कडेवर चढवला तरी चालतो.

ब्रेकच्या पाइपाला आणि डिझेलच्या नळीला वायर बांधायची नाही. दिसायला सोयीचं असतं, पण उद्या वायर शॉर्ट झाली तर ती नेमकी कुणाच्या अंगावर तापेल याचा विचार करा. सायलेन्सरपासून किमान वीतभर लांब.

मग अर्थिंगने डोकं वर काढलं

शॉर्ट गेला, फ्यूज टिकला, आणि मागून येणाऱ्याने सांगितलं, "तुमचा ब्रेक दाबला की डावा टेल लाइट विझतो." खरंच विझत होता. दिवे बंद ठेवून ब्रेक दाबला तर त्याच बल्बाची बारकी तार मंद पेटायची, आणि अंधारात नीट बघितलं तर डॅशबोर्डही किंचित उजळायचा.

हे भुताटकीसारखं दिसतं, पण कारण साधं आहे. टेल आणि ब्रेकसाठी एकच बल्ब असतो, आत दोन तारा, ५ आणि २१ वॉटच्या. दोन्ही तारांचं एक टोक बल्बाच्या पितळी अंगाला जोडलेलं असतं आणि तिथून करंट अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या लोखंडातून बॅटरीच्या मायनसला, जायला हवा. अर्थिंग तुटलं की ब्रेकचा करंट २१ वॉटच्या तारेतून अंगापर्यंत येतो आणि पुढे वाट नसल्यामुळे ५ वॉटच्या तारेतून उलटा टेलच्या वायरीत शिरतो. तिथून दुसऱ्या बाजूचे पार्किंगचे बल्ब आणि डॅशबोर्ड यांच्यामार्फत अर्थिंगला लागतो. म्हणून सगळे मंद. आणि दिवे चालू असताना ब्रेक दाबला की दोन्ही तारांच्या दोन्ही टोकांना बारा व्होल्ट येतात, वाहायला जागाच उरत नाही, आणि दिवा विझतो. ज्या वेळी मागच्याला तुमचा ब्रेक दिसायला हवा, नेमक्या त्याच वेळी.

पिकअपमध्ये हे फार होतं. टेल लाइट हौद्याला लावलेला, हौदा रबरी पॅडवर, आणि पॅडमधून जाणारे बोल्ट गंजलेले. हौद्याचा पत्रा म्हणजे आपोआप अर्थिंग असं धरून चाललेल्या जुन्या वायरिंगमध्ये करंट या गंजक्या बोल्टांच्या भरवशावर घरी परततो. गंमत म्हणजे मी पॅड बदलताना तेच बोल्ट हलवले आणि उरलासुरला संपर्कही घालवला.

मोजायची पद्धत अशी. दिवा चालू, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, काळी सुई बॅटरीच्या मायनसला, लाल सुई बल्बाच्या पितळी अंगाला किंवा होल्डरच्या अर्थिंगला. चांगलं असेल तर ०.१ व्होल्टच्या आत. ०.२ च्या वर गेला तर कुठेतरी गंज आहे. माझा आकडा दोन व्होल्टच्या वर होता. ओहमवर मोजत बसू नका. चारच तारा शिल्लक असलेली वायरही ओहममध्ये छान दिसते, करंट वाहताना तिचं खरं रूप कळतं. थंड बल्बाचं मोजमापही असंच फसवं: २१ वॉटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे सात ओहमचा, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्याला कितीदा तरी शॉर्ट समजून बसतात.

इलाज: दोन्ही टेल लाइटच्या होल्डरपासून वेगळी काळी वायर, १.५ चौरस मिलिमीटर, थेट चासीवरच्या एका बोल्टला. तिथला रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, थिंबल (वायरीच्या टोकाला चेपायचं भोकाचं पातं), दातेरी वॉशर, घट्ट, आणि मग वरून ग्रीस. ग्रीस आधी नाही. पुढे चासीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतची आणि इंजिनपासून चासीपर्यंतची जाड पट्टीही सोडून घासून लावली. इंजिनची पट्टी ढिली असली की सेल्फचा करंट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागली तर समजा.

जाता जाता

बोनेटखाली वायरीचे एकसारखे कुरतडलेले तुकडे आणि लेंड्या दिसल्या तर वरचं सगळं सोडून आधी उंदराचा बंदोबस्त करा.

हेडलाइट पिवळट असतील तर बहुतेक वेळा बल्ब निर्दोष असतो. जुन्या गाड्यांत दोन्ही हेडलाइटचा पूर्ण करंट, ५५ वॉटचे दोन म्हणजे नऊ अँपिअरच्या वर, डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो आणि वाटेत दीड-दोन व्होल्ट खाल्ले जातात. रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात: ३० ला बॅटरीहून फ्यूजमधून आलेली जाड वायर, ८७ वरून हेडलाइट, ८५ आणि ८६ वर जुन्या स्विचची वायर व अर्थिंग. स्विचचं आयुष्यही वाढतं.

पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कपलर स्टिअरिंगजवळ दिसला तर तो एअरबॅगचा असू शकतो. तिथे टेस्ट लॅम्प लावायचा नाही. आणि चासीला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडल्याशिवाय करू देऊ नका, अल्टरनेटर जातो.

सगळं बांधून झाल्यावर चाचणी त्याच अवस्थेत घेतली ज्यात दोष यायचा. गोण्या हौद्यात, फ्यूजच्या जागी बल्ब, मुलं कोपऱ्यात उड्या मारतायत, वरून नळीने पाणी. बल्ब थंड राहिला. मग १० अँपिअरचा फ्यूज बसवला आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली: टेलची वायर, डावी चासी, पुढच्या पट्टीमागे एक जोड, तारीख. महिन्याभराने खाली वाकून बघितलं. क्लिप जागेवर होती, स्लीव्हच्या टोकाचं गोंदाचं कडं तसंच होतं. उजव्या बाजूचा जुडगा मात्र अजून जुन्याच कडेवर आहे. तो पुढच्या सुट्टीला.